चार फूट पाच इंच

पाय सरळ करा, असं ती मुलगी म्हणाली तेव्हा मी ते केव्हाच सरळ केले होते. निदान मला तसं वाटत होतं. पिंप्राळ्यात रिक्षातून उतरताना मी कंबरेवर पडले, म्हणून शेजारच्या सुनंदाबाई मला एक्स-रे काढायला घेऊन आल्या होत्या. टेबल थंडगार होतं. मुलीनं कागदावरून नाव वाचलं, धुरपदाबाई लोटन पाटील, वय सदुसष्ट, आणि पुन्हा म्हणाली, आजी, अजून सरळ. मी म्हटलं, आहेत की. तिनं माझ्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं, आणि माझे पाय माझ्या नकळत वीतभर पुढे गेले. टाचांना अजून न तापलेला पत्रा लागला आणि मी दचकले. मुलगी काचेमागे गेली, श्वास धरा म्हणाली, सोडा म्हणाली. मी श्वास सोडला, पण मन तिथं नव्हतं. पाय दुमडलेले असताना ते सरळ आहेत असं एखाद्या बाईला वाटावं, हे काही एका दिवसात होत नाही. मला आठवला तो धुळ्याचा आग्रा रोड, सत्त्याऐंशी सालचा मे महिना, तापलेल्या पत्र्याचा आणि रंगाचा वास, आणि मला असंच सांगणारा दुसरा एक आवाज.

हे त्या वर्षी निवृत्त झाले. भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एकतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला नग मापात आहे की नाही, एवढंच पाहायचं. त्यासाठी पोलादी कड्यांची जोडी असायची. एका कड्यातून नग गेलाच पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. गेला तर बाद. हे सगळं मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी दोन बांगड्या आणि एक लिंबू घेऊन समजावलं होतं, आणि त्या वेळी मला हसू आलं होतं. पुढं हसू येईनासं झालं. ताटात भाकरी पडली की यांची नजर आधी तिच्या कडेवरून फिरायची आणि मग हात पुढं यायचा. बोलायचे मात्र कधी नाहीत. भाकरी बाद केली असं एकदाही झालं नाही. आम्हाला मूल नव्हतं. ते दुःख तोवर इतकं जुनं झालं होतं की त्याला घरात एक ठरलेली जागा होती, आणि आम्ही दोघं त्याच्या बाजूनं, धक्का न लावता ये-जा करायचो.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं होतं. पिंप्राळ्यात आमचा एक प्लॉट होता. त्यावर घर बांधायचं असं सगळ्यांनीच धरलं होतं. यांनी एक दिवस चहा पिता पिता सांगितलं की घर नंतर पाहू, आधी राहता येईल अशी गाडी घेऊ. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी खिशातून एक रंगीत पत्रक काढलं. त्यात पांढरी गाडी होती, आत दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. पुण्याकडच्या कुठल्याशा कंपनीनं तशा तयार गाड्या काढल्या होत्या. हे म्हणाले, मी नद्या पाहिल्या त्या सगळ्या पुलावरून. गाडी धडधडत जाते आणि नदी संपते. आमचं गाव पांझरेच्या काठचं. धुळ्यातून ती वाहते ती आम्ही दोघांनी लहानपणापासून पाहिलेली. पण ती येते कुठून ते यांनी पाहिलं नव्हतं. पिंपळनेरच्या पुढं कुठंतरी ती लहान असते म्हणे, एका उडीत ओलांडता येते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस एका उडीत नदी ओलांडायची म्हणत होता. मी कपबशा विसळल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या कुंदाबाईंनी विचारलं, आता तुम्हाला पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, गाडीच्या नंबरावर का. आणि माझे थोरले दीर, पंडितआबा, खास गावाहून आले. ओसरीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि धाकट्या भावाला म्हणाले, "घर बांधानं सोडीसन गाडी बांधस का रे लोटन? लोके काय म्हनतीन?" यांनी शांतपणे सांगितलं, "घरज शे आबा. खाले फकत चाकं शेत." घरच आहे, खाली चाकं आहेत इतकंच. आबांनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली. मी दाराआडून पदर सावरून चहा पुढं सरकवला. आबांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. छत्तीस वर्षांत त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. ते अंगणात आले की मी ज्या कामात असेन त्या कामासकट आत सरकायची. यात कुणाचा जाच नव्हता. आबा देवमाणूस होते. अंग आपोआप आत ओढलं जायचं, इतकंच. उन्हात आल्यावर डोळे मिटतात तसं.

मे महिन्याच्या आधी आम्ही नाशिकला जाऊन ती तयार गाडी पाहून आलो. मोटारींच्या दुकानात ती मधोमध उभी होती. आत शिरल्याबरोबर मला ती आवडली. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, पण आवडली. प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली. बिछान्याखाली पेटी, पेटीचं झाकण आपोआप बंद होणारं. बिछाना सहा फूट दोन इंच, असं दुकानातल्या माणसानं सांगितलं, आणि तो सगळ्यांसाठी तेवढाच होता. उंच माणूस येवो की बुटका, गाडी कुणाला काही विचारत नव्हती. ते मला फार बरं वाटलं. हे मात्र सांध्यांवरून बोटं फिरवत होते. खिळे मोजत होते. झाकणं उघडून मिटत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी ओळखत असलेली एक शांत तृप्ती आली होती. नग पास झाला की कामावरच्या माणसांना ती दिसत असेल. दुकानातला माणूस म्हणाला की एका महिन्यात गाडी दारात. मी ओट्यापाशी उभी होते. तिथं उभं राहून चूल पेटवायचा, भाजी चिरायचा हात करून पाहिला आणि माझे खांदे वर उचलले गेले. ती हालचाल माझ्या इतकी ओळखीची होती की काय बोलतेय हे कळायच्या आत मी बोलून गेले.

"इथं पाट ठेवायला जागा नाही."

यांनी विचारलं, "कुठला पाट?"

मी आधी गोंधळले. मग मला कळलं की यांना खरंच माहीत नाही. क्वार्टरच्या ओट्यात काही खोट नव्हती. कुंदाबाईंना तो अगदी बरोबर व्हायचा. मीच बुटकी. आल्याच आठवड्यात मी ओट्यासमोर बसायचा पाट टाकला आणि त्यावर उभी राहून स्वयंपाक करू लागले. एकोणतीस वर्षं. त्या पाटाला माझ्या टाचांनी दोन खळगे पाडले होते. हे घरी यायचे तेव्हा मी त्यांच्या पावलांच्या आवाजाबरोबर पाटावरून उतरून, तो पायानंच भिंतीशी सरकवून, पाणी घेऊन बाहेर यायची. त्यामुळे ज्यांचं सगळं आयुष्य दोऱ्याएवढा फरक ओळखण्यात गेलं त्यांनी मला कधी तीन बोटं उंच पाहिलंच नव्हतं. दुकानातल्या माणसासमोर हे सगळं सांगायची लाज वाटली. मी एवढंच म्हटलं की ओटा जरा उंच आहे. तो माणूस म्हणाला, ओटा कंपनीच्या मापाचा आहे, तो बदलत नाही.

परतीच्या एस.टी.त हे खिडकीशी बसले होते. चांदवड गेलं, मालेगाव गेलं, नजर बाहेरच. मला वाटलं रागावले. गाडी पसंत पडली होती आणि मी मधेच खुसपट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी हवंय असं मी बोलले होते, आणि ते बोलणं मला माझ्याच मांडीवर ठेवलेल्या परक्या पोरासारखं वाटत होतं, कुणीतरी येऊन घेऊन जावं असं. झोडग्याच्या आसपास त्यांनी विचारलं, "किती इंच?" मी म्हटलं, काय. "पाट." मी अंगठा आणि बोट तेवढं दूर धरून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटांतलं अंतर आपल्या बोटांवर घेतलं आणि धुळं येईपर्यंत ती बोटं तशीच धरून ठेवली. उतरताना म्हणाले, तयार गाडी नको. आपल्या मापाची बांधून घेऊ.

अभिमन मिस्त्री आबांच्या ओळखीचा, आमच्याच गावचा. धुळ्याला आग्रा रोडवर त्याची जागा होती. तिथं तो ट्रकवर अंग चढवायचा, म्हणजे कंपनीतून नुसता सांगाडा यायचा आणि त्यावरची लाकडाची, पत्र्याची बांधणी याची. आम्ही मॅटाडोरचा सांगाडा घेतला. पुढचं तोंड कंपनीचं, मागचं सगळं अभिमनचं. यांनी चार रात्री बसून, पट्टी लावून नकाशा काढून नेला होता. अभिमननं तो कौतुकानं पाहिला, घडी घातली आणि ऐरणीखाली ठेवला. कागद माझ्या कामाचा नाही, म्हणाला, मला माणूस दाखवा. त्याची रीतच तशी होती. ड्रायव्हरला फरशीवर बसवून तो सीटचं माप घ्यायचा. ओट्यासाठी त्यानं मला उभं केलं, कोपरातून हात दुमडायला लावला आणि कोपराखाली चार बोटं सोडून बांबूच्या काठीवर खाच पाडली. ती खाच यांनी तीनदा तपासली. एकदा मला चपला काढायला लावून, एकदा घालायला लावून. तिसऱ्यांदा का ते मला कळलं नाही. मी पदराखाली हसत होते. माझ्या कोपराची खाच एका काठीवर आहे, ती काठी भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि चार माणसं ती जपून ओलांडताहेत, हे पाहून मला फार बरं वाटत होतं.

मग बिछान्याची मापं. हे आधी फरशीवर निजले. फळीसारखे, हात अंगाशी, पाय जुळवून. अभिमननं डोक्याशी आणि टाचांशी खडूनं रेघ मारली. उत्तरेला डोकं नको हे सगळ्यांनाच माहीत, पण गाडीला दिशा कसली, तेव्हा तो म्हणाला, उत्तरेला जाताना वहिनींनी खुशाल झोपावं, दक्षिणेला येताना उठून बसावं. आबासुद्धा हसले. आबा तोवर येऊन पोचले होते ना. अभिमनशी ओळख त्यांची, म्हणून ते मुद्दाम आले होते आणि दहा पावलांवर उभे होते. यांना कुणीतरी पाण्याची टाकी दाखवायला मागच्या बाजूला नेलं. अभिमन माझ्याकडे वळला. "वहिनी, आठे आडव्या व्हा."

मी आडवी झाले. पदर ओढून घेतला, डाव्या कुशीवर वळले, गुडघे पोटाशी आले, साडी पायांखाली खोचली. मी हे केलं नाही. ते झालं. फरशी तापलेली होती. तिच्यावर पत्र्याचे बारीक चुरे होते, ते गालाला टोचत होते. डोळे मिटले तरी दहा पावलांवरचं पांढरं धोतर मला दिसत होतं. अभिमन म्हणाला, पाय लांब करा. मी तशीच राहिले. त्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हा मी पदराआडून म्हटलं, "मी इतलीज शे."

मी एवढीच आहे. त्यानं मुकाट्यानं रेघ मारली. मिस्त्री भला माणूस होता, बाईमाणसाच्या शब्दावर शंका घेणारा नव्हता. रीतीप्रमाणे वर एक वीत वाढवली आणि फळीवर आकडा लिहिला. चार फूट पाच इंच. मी उठले, साडी झटकली. माझी उंची चार फूट अकरा आहे.

गाडी बांधायला साडेचार महिने लागले. तेवढ्या काळासाठी आम्ही पिंप्राळ्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि हे भुसावळला जाऊन गाडी चालवायला शिकले. महिन्यातून एकदा धुळ्याला जायचं. पहिल्या वेळी नुसत्या बरगड्या होत्या. त्या वेळी बोलले असते तर एक फळी सरकवण्याचं काम होतं. मी बोलले नाही. दुसऱ्या वेळी पत्रा चढला होता. तिसऱ्या वेळी माझ्या उशाशी उरलेल्या जागेत डब्यांचं कपाट उभं होतं, ओट्याला जोडून, एकसंध, त्याला पितळी कड्या. वहिनी बुटक्या, म्हणून एवढी जागा निघाली, असं अभिमन अभिमानानं सांगत होता. हे मान हलवत होते. मी कपाटाच्या दारावरून हात फिरवला. माझ्या मापाचं पाहिजे म्हणून मी त्यांना ती पांढरी गाडी सोडायला लावली होती. त्या गाडीत सहा फूट दोन इंच जागा मला कुणी न विचारता देत होतं. इथं मला विचारलं, आणि मी खोटं सांगितलं. आता कोणत्या तोंडानं सांगायचं की सगळी गाडी माझ्या मापाची झाली, एक मीच झाले नाही. रात्री पिंप्राळ्याच्या खोलीत, जिथं हवं तेवढं पसरायला जागा होती, मी पाय दुमडून निजू लागले. सवय व्हावी म्हणून.

दसऱ्यानंतर गाडी मिळाली. यांनी दारं, काचा, कड्या, नळ, सगळं तपासलं. बिछान्यांना पट्टी लावली नाही. माणसावरून माप घेतलंय, ते कसं चुकेल. आम्ही निघालो. तोरणमाळला गेलो, प्रकाशा गावाला गेलो, उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्याशी दोन दिवस राहिलो. आणि हे लिहायलाच हवं की मी इतकी सुखी कधी नव्हते. सकाळी दार उघडलं की समोर रोज वेगळं झाड. ओट्याशी उभी राहिले की माझे खांदे खाली असायचे, कोपर सुटं असायचं, आणि भाकरी थापताना बांगड्यांचा आवाजसुद्धा वेगळा यायचा, खालून आल्यासारखा. हे बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि आतल्या भाकरीच्या आवाजाकडे कान देऊन असायचे. एकदा म्हणाले, तू गुणगुणतेस हे मला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण दुपारी आडवं व्हायची वेळ आली की ते सुख कुठंतरी आखडायचं. यांच्या सहा फुटांशेजारी मी शंखासारखी गुंडाळलेली. झोपेत पाय लांब व्हायचे आणि ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर आपटायचे. मी जागी व्हायची, ते पुन्हा आत घ्यायची. यांनी विचारलं, नीट झोप लागते ना. मी म्हटलं, लागते. सुखात असताना खोटं बोलणं दुःखात बोलण्यापेक्षा जड जातं, हे मला तेव्हा कळलं.

मार्गशीर्षात आम्ही पिंप्राळ्याला परत आलो. मी दारात गहू निवडत होते आणि हे गाडी धूत होते. बराच वेळ पाण्याचा आवाज येईना म्हणून मी उठून पाहायला गेले. हे माझ्या बिछान्यापाशी उकिडवे बसले होते. ड्रायव्हरच्या मागच्या फळीला बदामी रंग दिलेला होता, त्यावर दोन जागी रंग उडाला होता. बोटांचे ठसे होते, माझ्या दोन्ही पायांच्या बोटांचे, अगदी ओळखू येतील असे. यांच्या हातात पट्टी होती. त्यांनी बिछाना मोजला. मग माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, जसं ते नगाकडे पाहत असतील. मला वाटलं, आता बाद.

त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. अभिमननं दोनदा पाय लांब करायला सांगितलं होतं. आबा समोर उभे होते. मला करता आले नाहीत. मग भीतीनं सांगितलं नाही. हे ऐकत राहिले. बादलीतला गाळ हळूहळू तळाशी बसत होता. मग ते म्हणाले, "आबा पाठ करून उभा होता."

मी म्हटलं, समोर होते. मला धोतर दिसत होतं.

"पाठमोरा होता. मी टाकीपाशी होतो, तिथून तू दिसत नव्हतीस, पण आबा दिसत होता. तुला निजायला सांगितलं तसा तो वळला आणि एका ट्रकवर लिहिलेलं वाचत बसला. तू उठेपर्यंत वाचत होता."

मी गव्हाचं सूप तसंच हातात धरून उभी राहिले. मला त्या वेळी काय वाटलं ते आज अकरा वर्षांनीही नीट सांगता येत नाही. ज्याच्यासाठी मी स्वतःला सहा इंच कापून दिलं, तो माणूस मला पाहतच नव्हता. माझी लाज राखायला तोही तिकडं अंग चोरून उभा होता. दोघांनी दोन दिशांना तोंडं करून एकमेकांचा मान राखला, आणि मधल्या फरशीवर खडूची रेघ चुकीच्या जागी पडली. हसावं की रडावं कळेना. किती वर्षं, किती अंगणांतून, किती दारांआड मी अशी सरकले असेन, आणि पलीकडचा माणूस प्रत्येक वेळी पाठमोरा असेल.

मी म्हटलं, कपाट काढून टाकू, डबे खाली राहतील. हे म्हणाले, कपाट ओट्याला जोडलंय, ओट्याला हात लावायचा नाही. ते ज्या पद्धतीनं बोलले त्यावर पुढं बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पुठ्ठा आणून माझ्यापुढं ठेवला आणि पेन्सिल दिली. पावलं ठेव, म्हणाले, आणि तूच कडेनं रेघ काढ. मी काढली. पाऊल उभं केलं तर किती उंच तेही मागितलं. मग दोन दिवस ते त्याच फळीशी बसून होते. करवतीनं चौकोन कापला, कानशीनं कडा घासल्या, त्यावर रबराची पट्टी बसवली आणि वर एक लहानसा पडदा लावला. पुठ्ठ्याची पावलं त्या खिडकीतून आतबाहेर करून पाहत होते. मी लांबून पाहत होते. तपासणी खात्यात एकतीस वर्षं बसलेल्या माणसाचे हात कसे चालतात ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी म्हणाले, बघ, आता पाच फूट. वर एक इंच सैल आहे.

ती खिडकी पुढच्या दोन सीटांच्या मधे उघडत होती. तिथं मॅटाडोरचं इंजिन असतं, त्यावर झाकण. यांनी त्या झाकणावर गोधडीची घडी अंथरली. डावीकडं रिकामी सीट, उजवीकडं हे स्वतः, गिअरवर यांचा डावा हात. म्हणजे मी पाय लांब केले तर ते यांच्या कोपरापाशी येणार. हे त्यांच्या लक्षात आलंच नाही, किंवा आलं असेल. माझ्या लगेच आलं. बायकोचा पाय नवऱ्याला लागू नये. लागलाच तर हातानं त्यांना स्पर्श करून तो हात कपाळाला लावायचा. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, श्वास घ्यायला कुठं कुणी शिकवतं. अंधारातसुद्धा, झोपेतसुद्धा पाय लागला तर माझा हात आधी उठायचा आणि मी मागून जागी व्हायची. तेव्हा खिडकी झाली आणि मी पुन्हा दुमडूनच निजू लागले. त्यांनी पडदा बाजूला करून ठेवायचा आणि मी तो हळूच ओढून घ्यायचा. रबराची पट्टी कोरीच्या कोरी राहिली. मला वाटायचं, हा माणूस दर वेळी माझं माप बरोबर घेतो आणि दर वेळी मीच कमी भरते.

जानेवारीत आम्ही पिंपळनेरला गेलो. त्याच्याही पुढं, रस्ता संपतो तिथं गाडी ठेवून, एका गुराख्याला विचारत चालत गेलो. पांझरा तिथं खरंच लहान होती. दगडांतून, खेकड्यांच्या बिळांशेजारून जात होती. हे थोडा वेळ काठावर उभे राहिले, धोतर खोचलं आणि उडी मारली. पलीकडे पोहोचले, पण एक पाय पाण्यात पडला. तिकडून माझ्याकडे पाहून ओशाळं हसले. मी पाण्यातून चालत गेले. पाणी बर्फासारखं होतं, आणि त्या पाण्यानं असेल किंवा वाऱ्यानं, दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मला अंगात कसकस वाटत होती. हे म्हणाले, तू मागं पडून राहा, धुळ्याला डॉक्टरकडे जाऊ.

साक्री सोडली तेव्हा ऊन वर आलं होतं, पण मला हुडहुडी भरली होती. दोन गोधड्या घेऊनही पाय गारठलेले. हात लावला तर दुसऱ्या कुणाचे तरी वाटावेत असे. यांनी पुढून हाक मारली. "इकडं पाय घे. इंजिन गरम आहे." मी गोधडी गुडघ्यांवर घट्ट ओढली. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. पडदा मात्र डाव्या हातानं बाजूला केला. खिडकीतून मला त्यांच्या कोपराचा तुकडा दिसत होता, स्वेटरची उसवलेली वीण, आणि त्यापलीकडं काचेत पळणारा रस्ता. कितीतरी वेळ मी त्या कोपराकडे पाहत होते. मग मी गुडघे सोडले. हळूहळू, एकेक. पावलं रबराच्या कडेला लागली, आत गेली. एक इंच सैल होती खरंच. टाचा गोधडीवर टेकल्या आणि खालून ऊब वर आली, पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत. माझी पाठ बिछान्यावर पहिल्यांदाच सगळीच्या सगळी टेकली. मणका मणका मोजता येईल अशी.

शेवाळी फाट्यापाशी समोर बैलगाडी आली. यांनी गिअर बदलला आणि त्यांचं कोपर माझ्या तळव्याला लागलं. मी पाय ओढून घेतला आणि हात उठला. उठला आणि तसाच अधांतरी राहिला. मी डोकं मागं, पाय पुढं करून पडलेली. त्या खिडकीतून माझा हात त्यांच्यापर्यंत पोहोचणंच शक्य नव्हतं. पोहोचायचा तो पायच.

"राहू दे तिथं," हे म्हणाले. मान वळवली नाही. "मला कळत राहतं, तू आहेस म्हणून."

मी हात खाली घेतला. तो कुठं ठेवायचा ते सुचेना, म्हणून गोधडीवर ठेवला. मग पाय पुन्हा पुढं नेला, पहिल्या जागेपेक्षा थोडा पुढं, त्यांच्या कोपराला टेकेल असा. नेर आलं. कुसुंबा आलं. गिअर बदलला की कोपर मागं यायचं, तळव्याला लागायचं, परत जायचं. तापामुळे डोळे जड झाले होते, पण मी झोपले नाही. धुळं येईपर्यंत मी एकदाही नमस्कार केला नाही.